शंभर रुपयांचं नाणं गल्ल्यात घेतलं आणि वर घासूनही ठेवलं. आता काय?

स्टेशनरीवाली (कराड)

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझं शाळेसमोर वह्या-पेनांचं दुकान आहे. गेल्या मंगळवारी मधल्या सुट्टीत पाचवी-सहावीतला एक मुलगा आला. कंपासपेटी आणि एक वही घेतली, 85 रुपये झाले. त्यानं खिशातून एक नाणं काढून काउंटरच्या काचेवर ठेवलं. आवाजावरूनच कळलं की हे काहीतरी वेगळं आहे. हातात घेतलं तर दहाची चार-पाच नाणी एकत्र धरल्यासारखं जड. एका बाजूला आपले नेहमीचे सिंह, खाली 100 रुपये. दुसऱ्या बाजूला लोकमान्य टिळक. मी दोनदा उलटून पाहिलं. सिंह आहेत, सत्यमेव जयते आहे, आकडा आहे. म्हणजे सरकारी आहे. पोराच्या मागे अजून आठ पोरं उभी, घंटा व्हायची वेळ. 15 रुपये परत दिले आणि नाणं गल्ल्यात टाकलं.

इथवर ठीक होतं. रात्री गल्ला मोजताना पाहिलं तर नाण्यावर बोटांचे काळपट डाग. चांदी असावी असं वाटलं, म्हणून घरी नेऊन चांदीच्या निरांजनाला करते तेच केलं. टूथपावडर आणि ओलं फडकं. छान चकाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत मुलाचे वडील दारात. आजोबांनी जपून ठेवलेल्या डबीतून मुलानं नाणं काढलं होतं. मी लगेच काढून दिलं, तर त्यांनी उन्हात धरून पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "हे प्रूफ होतं, तुम्ही वाटोळं केलंत, आता याचे पाच हजार कोण देणार?" मी म्हटलं, अहो, त्यावर शंभर लिहिलंय, मी शंभरच धरले. ते रागारागानं नाणं माझ्याच काउंटरवर टाकून गेले. शनिवारी पुन्हा येतो म्हणालेत.

आता माझे प्रश्न. हे नाणं म्हणजे पैसे आहेत की नाहीत? गल्ल्यात रोज दहाची निरनिराळ्या चित्रांची नाणी येतात, पाचवरही कोणाकोणाचे चेहरे असतात, ती सगळी बिनबोभाट चालतात. मग हेच काय वेगळं? आणि टूथपावडरनं खरंच एवढं नुकसान होतं का, की गृहस्थ उगाच चढवून सांगतायत?

घाटावरचा

ताई, ती नाणी नसतात हो, शोपीस असतात. चालत नाहीत. घेतलंत तिथेच फसलात. आमच्या गावात दहाचं नाणं कोणी घेत नाही, तुम्ही शंभरचं घेतलंत! दहामध्ये पण ते रुपयाचं चिन्ह नसलेलं नकली असतं म्हणे.

निवृत्त कॅशियर

घाटावरचे साहेब, तुमची दोन्ही विधानं चुकीची आहेत. 34 वर्षं काउंटरच्या जाळीमागे काढली आहेत, तेव्हा जरा बोलतो.

आधी दहाचं मिटवू, कारण त्याच्यावरून मी निवृत्तीनंतरही वाण्याशी भांडतो. रुपयाचं चिन्ह आलंच मुळात 2010 साली. त्याआधीच्या नाण्यावर ते कुठून असणार? जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं होतं की तोवर दहाच्या नाण्याची 14 रूपं निघालेली आहेत आणि चौदाही चालतात. त्यासाठी 14440 हा फुकटचा नंबरही आहे, लावून ऐका. दहाचं नाणं नाकारणाऱ्याला मी तो नंबर कागदावर लिहून देतो. तरी घेत नाही, तो भाग वेगळा.

आता ताईंचं नाणं.

नाणी पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा. आपली समजूत असते की सगळे पैसे रिझर्व्ह बँक छापते. नोटा तिच्या (एक रुपयाची सोडून, ती सरकारची), नाणी मात्र सरकारची. बँक ती फक्त वाटते. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार टांकसाळी आहेत. नाण्यावर वर्षाच्या खाली बारीक पाहिलंत तर कुठलं ते कळतं. पत्त्यातल्या चौकटसारखी खूण असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता.

सिंहांची बाजू साध्या नाण्यावरही असते आणि स्मारक नाण्यावरही. बदलते ती दुसरी बाजू. रोजच्या नाण्यावर तिथे ठरलेली नक्षी असते, ती वर्षानुवर्षं तीच. स्मारक नाण्यावर एखादी व्यक्ती, संस्था किंवा प्रसंग येतो, आणि ते तेवढ्यापुरतंच निघतं. स्वतंत्र भारताचं पहिलं असं नाणं 1964 चं, नेहरू गेले त्या वर्षी, एक रुपया आणि 50 पैसे. 1969 मध्ये गांधी जन्मशताब्दीला 20 पैसे, 50 पैसे, एक रुपया आणि शिवाय चांदीचं दहा रुपयांचं नाणं निघालं. 15 ग्रॅम वजन, त्यात 80 टक्के चांदी. आज कोणी ते दहा रुपये म्हणून दिलं तर मी त्याच्या घरी चहाला जाईन.

गंमत अशी की कधी कधी स्मारक नाणं आधी येतं आणि साधं मागून. आपण पाच रुपयांचं नाणं पहिल्यांदा हातात धरलं ते 1985 चं, इंदिरा गांधींचं. रोजच्या नक्षीचं पाचचं त्यानंतर काही वर्षांनी आलं. तोवर पाच म्हणजे नोटच.

तर स्मारक नाण्यांच्या दोन जाती आहेत, आणि सगळा घोळ इथे होतो.

पहिली जात चलनातली. एक, दोन, पाच, दहा रुपयांची. ती साध्या नाण्यांच्याच पोत्यातून बँकेत येतात, दर्शनी किमतीलाच जातात, वेगळा पैसा पडत नाही. 1990 ची आंबेडकरांची रुपयाची, 1999 ची शिवछत्रपतींची दोन रुपयांची, 2015 ची पुन्हा बाबासाहेबांची दहाची, ही सगळी या जातीची. तुमच्या गल्ल्यातले ते "चेहरे" हेच. त्यांच्यात आणि साध्या नाण्यात व्यवहाराला काडीचा फरक नाही.

फरक पडतो तो माणसाच्या हातात. 1999 साली मी पंढरपूरला होतो. त्या वर्षी संत ज्ञानेश्वरांचा एक रुपया निघाला. स्टीलचा, अगदी साधा. पोतं फोडलं आणि नेहमीच्या चिल्लरमध्ये मिसळून द्यायला लागलो. तासाभरात एक माळकरी आजोबा परत आले. पन्नासची नोट जाळीखालून सरकवली आणि हळूच विचारलं, "साहेब, माउली शिल्लक आहेत का?" पन्नास मोजून दिले. त्यांनी उपरण्याच्या टोकाला बांधले आणि गाठीवरून हात फिरवला. दुपारपर्यंत नुसती रांग. साधा रुपया आठवड्याभरात हॉटेलवाल्याच्या भरण्यातून फिरून माझ्याकडे परत यायचा. माउलींचे किती परत आले म्हणाल, तर त्या शाखेत असेपर्यंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चलनात सोडलेलं नाणं सरळ देव्हाऱ्यात गेलं.

दुसरी जात फक्त संग्रहासाठी. ताईंचं नाणं या जातीतलं. ही बँकेत येतच नाहीत. टांकसाळ ती डबीत घालून विकते, आधी नाव नोंदवून पैसे भरायचे आणि मग वाट बघत बसायची. यांचे आकडेही चमत्कारिक असतात, कारण बहुतेक वेळा जितकी वर्षं तितके रुपये. रिझर्व्ह बँकेची 75 वर्षं म्हणून 2010 मध्ये 75 रुपये, टागोरांची 150 वर्षं म्हणून 150, बाबासाहेबांची 125, गुरू नानकांची 550. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली म्हणून तर 1000 रुपयांचं नाणं काढलं. कायद्याप्रमाणे नाण्याची कमाल किंमत तेवढीच, त्यापुढे जाता येत नाही. नाहीतर आपल्याकडे दोन हजार वर्षांची देवळं काय कमी आहेत!

अशा मोठ्या नाण्याचं ठरलेलं माप 44 मिलिमीटर आणि वजन 35 ग्रॅम. आपलं दहाचं नाणं 27 मिलिमीटर आणि पावणेआठ ग्रॅमचं, म्हणून तुम्हाला ते चार-पाच नाण्यांएवढं जड लागलं. त्यात निम्मी चांदी, 40 टक्के तांबं, उरलेल्यात निकेल आणि जस्त. म्हणजे साडेसतरा ग्रॅम चांदी. अलीकडे शुद्ध चांदीची 40 ग्रॅमचीही काढायला लागले आहेत, रिझर्व्ह बँकेच्या नव्वदीचं 90 रुपयांचं तसं आहे. विक्रीची किंमत या सगळ्यांच्या वर. 2023 मध्ये एन. टी. रामाराव यांचं 100 रुपयांचं नाणं निघालं, ते डबीप्रमाणे साडेतीन हजारांपासून 4,850 पर्यंत होतं. यात टांकसाळीची घडणावळ, डबी, कागद, सगळं आलं. आणि परत घेणं नाही बरं का! टांकसाळ विकते, विकत घेत नाही.

मग ते चलन आहे का? कायद्याच्या पुस्तकात शंभरचं नाणं हे शंभर रुपयेच. 2011 च्या नाणे कायद्यात रुपया आणि त्यावरची नाणी एकूण 1000 रुपयांपर्यंतच्या देण्याला ग्राह्य धरली आहेत, 50 पैशांची फक्त 10 रुपयांपर्यंत. त्यात "स्मारक असेल तर सोडून" असं कुठे वाचल्याचं मला आठवत नाही. म्हणजे ताई, तुम्ही घेतलंत त्यात गुन्हा नाही आणि मूर्खपणाही नाही. पण ते फिरवायला काढलेलंच नाही. साडेतीन हजाराला घेऊन शंभराला कोण खर्च करणार? पाचवीतला मुलगा सोडून.

आता टूथपावडर. ताई, रागावू नका, पण वाचून माझ्याही हातातला कप खाली ठेवला मी. प्रूफ नाणं म्हणजे साच्याला आणि कोऱ्या चकतीला दोन्हींना पॉलिश करून, एकापेक्षा जास्त ठोके देऊन पाडलेलं. त्याची सपाट जागा आरशासारखी असते आणि चेहरा त्यावर दुधाळ, दवासारखा उठून दिसतो. टूथपावडरमध्ये बारीक खडू असतो, तो घासतो. निरांजनाला ते चालतं, कारण त्याला आपण पन्नास वर्षं घासतच आलो. इथे आरशावर हजार ओरखडे आले आणि चेहऱ्यावरचं दव गेलं. उन्हात तिरकं धरा, गोल गोल रेषा दिसतील, तुमच्या फडक्याच्या. बोटांचे डाग तुमच्याआधीचे, ते मुलाचे. पण संग्राहक डागाला थोडंफार माफ करतो, घासलेल्याला नाही.

पाच हजार मात्र मला पटत नाहीत. ते वडील मनातली किंमत बोलतायत. घासलेलं असलं तरी साडेसतरा ग्रॅम चांदी आणि लोकमान्य कुठे गेलेले नाहीत. (सराफाकडे वितळवायचा विचार त्यांच्या डोक्यात आला तर तिथेच थांबवा. नाणं वितळवणं गुन्हा आहे.) माझं ऐकाल तर शंभर रुपये घेऊन नाणं परत द्या, घासल्याबद्दल सरळ चूक कबूल करा, आणि भरपाईबिरपाई काही नाही. मुलानं सरकारी शंभर रुपये दिले, तुम्ही शंभराचा हिशेब चुकता केलात.

ठाणेकर

कॅशियरकाका, छान लिहिलंत. पण मग वैष्णोदेवीच्या नाण्याचं काय? माझ्याकडे दोन आहेत, एक पाचचं, एक दहाचं. फोनवर रोज व्हिडिओ येतात की दहा-दहा लाख मिळतात. एका माणसाला फोटो पाठवला तर म्हणाला, "साडेपाच लाख फायनल, आधी नोंदणीचे 2,100 टाका." पत्रावर रिझर्व्ह बँकेचा शिक्का होता.

आणि ती अमृत महोत्सवाची नाणी पण जपून ठेवायची का? माझ्या बायकोनं बरणी भरलीय.

निवृत्त कॅशियर

2,100 टाकले नाहीत ना? टाकले असतील तर आज सायबर पोलिसांकडे जा, उद्यावर ढकलू नका.

वैष्णोदेवीची नाणी 2012 ची, श्राइन बोर्डाच्या 25 वर्षांची. ती चलनासाठीच काढलेली, वापरलेल्या नाण्याला पाच म्हणजे पाच आणि दहा म्हणजे दहा. हौशी माणूस वर थोडे देईल, लाखाची गोष्ट सोडा. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कुणाकडून फी किंवा कमिशन घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलंय. बँकेचा शिक्का मारलेलं पत्र आलं, म्हणजे तिथेच चोर पकडला असं समजा.

अमृत महोत्सवाची 2022 ची मालिका स्मारक नव्हेच. एक, दोन, पाच, दहा, वीस, सगळी रोजच्या वापराची. फक्त बोधचिन्ह आहे आणि अंधांना चाचपून ओळखता येतील अशी केली आहेत. वहिनींची बरणी भाजीला चालेल.

घाटावरचा

काका, मानलं. आज दहाची सहा नाणी घेतली. वाणी उलट माझ्याकडेच बघत होता. पण एक सांगा, सराफाकडे लक्ष्मीच्या छापाचं चांदीचं नाणं मिळतं ते कोणत्या जातीत?

निवृत्त कॅशियर

कोणत्याच नाही. सिंह नाहीत, रुपयाचा आकडा नाही, म्हणजे ते नाणं नाही. नाण्याच्या आकाराचं पदक म्हणा. ते खुशाल घासा, वितळवा, जोडवी करा.

स्टेशनरीवाली (कराड)

शनिवार झाला, म्हणून सांगायला आले. सगळ्यांचे आभार, काकांचे विशेष. नाणं उन्हात धरलं होतं. रेषा दिसल्या. फार वाईट वाटलं खरं सांगते.

ते गृहस्थ आले ते यावेळी मुलाला घेऊन आणि रिकामी डबीही घेऊन. मी आधीच चूक कबूल केली. काकांनी सांगितलेलं आरशाचं आणि दवाचं मी त्यांना सांगितलं, तर तेच उलट विचारायला लागले, "असं असतं होय?" त्यांना प्रूफ हा शब्द तेवढा माहीत होता, वडिलांच्या तोंडून ऐकलेला. आजोबांनी 2007 मध्ये, लोकमान्यांच्या दीडशेव्या जयंतीचं म्हणून मागवलं होतं, आणि घरात कोणाला हात लावू दिला नव्हता. आजोबा गेल्या वर्षी गेले. तेव्हा पाच हजारांचं ते बोलणं कुठून आलं ते मला कळलं. पुढे काही ताणलं नाही. त्यांनी शंभर दिले, मी नाणं दिलं. कंपासपेटी मुलाकडेच राहिली.

पण डबी उघडली तेव्हा आत मखमलीत दोन खळगे. एक मोठा, एक छोटा. छोट्यात पाच रुपयांचं नाणं असायला हवं होतं, तेही लोकमान्यांचंच. वडिलांनी मुलाकडे पाहिलं. मुलानं माझ्याकडे. सोमवारी तो पाच रुपयांचं खोडरबर घेऊन गेला होता.

म्हणजे ते चकचकीत पाचचं सोमवारीच माझ्या गल्ल्यात आलं होतं आणि मी ते बघितलंही नाही. कुणाला तरी सुट्टे म्हणून दिलं असणार. गल्ला पालथा केला, गाळ्याच्या मागची चिल्लरची बरणीही ओतली. ते नाही मिळालं. पाचचं एक लोकमान्यांचं मिळालं, पण चलनातलं, कडेला झिजलेलं, पागोट्यात मळ बसलेलं. मी विचारलं, हे देऊ का? गृहस्थांनी ते तसंच छोट्या खळग्यात बसवलं. बरोब्बर बसलं. मी फडक्याकडे हात नेला तर मुलगा ओरडला, "काकू, पुसू नका!"

पाच रुपये द्यायचे मात्र ते विसरले.